देवकुंडची वाट सोपी आहे का? आई-वडील आणि आठ वर्षांच्या मुलीसह जायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचं कुटुंब, आई 63 वर्षांच्या, वडील 67, मुलगी आठ वर्षांची. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रविवारी रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याला जायचंय. जिथे तिथे ‘सोपा ट्रेक, नवख्यांनाही जमेल’ असं लिहिलेलं आहे. बूट कोणते घ्यावेत, गाइड लागतो का, कुंडात उतरता येतं का आणि आईच्या अधूनमधून दुखणाऱ्या गुडघ्यांना झेपेल का, हे विचारलंय. वडिलांना बीपीची गोळी चालू आहे.

बूट, गाइड, गुडघे या सगळ्याकडे येतो. पण आधी जुलैचं बोलू, कारण बाकीची सगळी उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत. जुलैत देवकुंडला जाऊ नका. पावसाळ्यात या भागासाठी प्रशासनाकडून मनाई आदेश निघतात. पूर्वी ते कलम 144 खाली निघायचे, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात, आणि आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आदेशाच्या तारखा दर वर्षी सारख्या नसतात, म्हणून निघण्याआधी गावात किंवा माणगाव पोलीस ठाण्यात फोन करून विचारायचं. मागच्या रविवारी कुणी जाऊन आलं आणि फोटो टाकले, यावरून वाट खुली आहे असं धरू नका. आणि आदेश नसता तरी तुमच्यासोबतची माणसं पाहून मी हेच सांगितलं असतं.

‘सोपा’ हा शब्द खोटा नाही, अर्धवट आहे. भिरा गावातून निघालं की सुरुवातीचा पट्टा धरणाच्या पाण्याच्या कडेने जातो. तो जवळजवळ सपाट आहे. मग झाडी सुरू होते, वाट हलकेच चढते, मध्ये ओढे ओलांडावे लागतात, पुढे जंगल दाट होतं आणि शेवटी मोठमोठ्या दगडांतून वाट काढत कुंडापाशी पोचतो. एका बाजूचं अंतर पाच ते सहा किलोमीटर धरा. कुठेही दोर लावून चढायचं नाही, दरीच्या काठाने जायचं नाही, छाती फुटेल असा चढ नाही. म्हणजे चालण्याच्या हिशेबाने वाट खरंच सोपी आहे. सोपेपणा जातो तो ओढ्यांमुळे. वाट तीच, दगड तेच, पण ओढ्यात घोट्याएवढं पाणी असेल तर आठ वर्षांचं पोर हसत पलीकडे जातं आणि मांडीएवढं असेल तर धडधाकट तरुणही वाहून जातो. तेव्हा खरा प्रश्न ‘ट्रेक सोपा आहे का’ हा नाही. ‘मी ज्या दिवशी जाणार, त्या दिवशी परत येताना ओढ्यात किती पाणी असेल’ हा आहे. जाताना किती असेल हे महत्त्वाचंच, पण माणसं अडकतात ती परतताना.

याचं कारण तिथल्या भूगोलात आहे. देवकुंड घाटाच्या पायथ्याशी आहे, पण त्याला येणारं पाणी वरच्या माथ्यावर पडलेलं असतं. ताम्हिणीचा माथा हा सह्याद्रीतल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. पुण्यात शिवाजीनगरला अख्ख्या पावसाळ्यात साधारण एवढा पडतो. आता असं पाहा: तुम्ही कुंडाशी डबा उघडून बसलात, तुमच्या डोक्यावर नुसती भुरभुर आहे, अधूनमधून ऊनही पडतंय, आणि वर माथ्यावर ढग फुटून कोसळतोय. ते पाणी कातळावरून येतं, मुरायला मातीच नसते, त्यामुळे अर्ध्यापाऊण तासात ओढा बदलून जातो. धरणातून पाणी सोडताना भोंगा वाजवतात. या ओढ्यांना असली कुठलीच सूचना नसते. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथेही प्रवाहाच्या मधल्या दगडावर उभं असताना पाणी अचानक वाढलं होतं.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही, ती आकड्यात सांगतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून ‘मघाशी गुडघ्याएवढं होतं, आता थोडंसंच वाढलंय’ हा हिशेब चुकतो. पाणी वाढतं तेव्हा खोली आणि वेग दोन्ही वाढतात.

मग जायचं कधी? पाऊस संपून निदान पंधरा-वीस दिवस कोरडे गेले की. साधारणपणे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ घरच्या मंडळींसाठी योग्य. त्यातही नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात पसंत आहे. कुंडात निळसर हिरवं स्वच्छ पाणी असतं, धार चांगली भरलेली असते, ओढे घोट्यापर्यंत उतरलेले असतात आणि ऑक्टोबरचा चिकट उकाडा ओसरलेला असतो. सप्टेंबरच्या शेवटी जाणारे बरेच असतात, पण परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि तासाभरात ओढे पुन्हा जुलैसारखे करून टाकतो. तुमच्या गटासाठी तो धोका नको. जानेवारीनंतर धार बारीक होत जाते. शिवाय वाटेच्या कडेला खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. त्यांची लव वाऱ्याने अंगावर आली की दिवसभर आग होते, आणि मुलांचा हात तिकडे आधी जातो. मार्चनंतर तर नकोच. भिरा हा खोलगट भाग, तिथे मार्च 2017 मध्ये 46.5 अंश तापमान नोंदलं गेलंय.

आता चालण्याचा हिशेब. जाऊन-येऊन दहा ते बारा किलोमीटर. शहरातला माणूस सपाट रस्त्यावर तासाला चार-साडेचार किलोमीटर चालतो, पण जंगलातल्या दगडगोट्यांच्या वाटेवर, ज्येष्ठ आणि मूल बरोबर असताना, थांबे धरून तासाला दोन ते अडीच किलोमीटरच धरावेत. म्हणजे जायला अडीच तास, यायला तेवढेच, कधी जास्तच. कुंडापाशी सव्वा तास. एकूण सव्वासहा तास झाले. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण ती दरी आहे. डोंगराची सावली आणि झाडी यामुळे वाटेवर पाच-सव्वापाचलाच अंधारून येतं. म्हणून सकाळी साडेसातला चालायला सुरुवात करायची आणि परतीची वेळ आधी ठरवून टाकायची. मी गट नेतो तेव्हा ही वेळ दीड वाजताची असते, आणि ती निघतानाच सगळ्यांना सांगितलेली असते. साडेअकरा वाजले आणि अजून शेवटच्या दगडांच्या पट्ट्यापाशीही पोचलो नसलो, तर पुढे जायचं नाही. परत फिरायचं. धबधबा न बघता परतणं मुलांना कठीण जातं, म्हणून हे आदल्या रात्रीच बोलून ठेवावं.

कोथरूडहून पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून विळे आणि तिथून पाटणूसमार्गे भिरा हा रस्ता साधारण शंभर किलोमीटरचा. तीन तास लागतात, रविवारी ताम्हिणीत गाड्या अडकल्या तर चारही. साडेसातला चालायला सुरुवात करायची तर घरून पहाटे चारला निघावं लागेल, आणि ज्येष्ठांची झोप मोडून दहा-बारा किलोमीटर चालवणं बरं नाही. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी भिरा किंवा पाटणूसला मुक्काम करा. गावात घरगुती राहण्याची आणि जेवणाची सोय होते, आधी फोन करून सांगावं लागतं. आणि शक्य असेल तर रविवार टाळा. शनिवारी किंवा मधल्या वारी गेलात तर शेवटच्या दगडांत रांग लागत नाही. तिथे मागून ढकलाढकल झाली की आईंसारख्या माणसांची घाई होते आणि घाईतच पाय मुरगळतो.

आईंच्या गुडघ्यांबद्दल. ‘अधूनमधून दुखतात’ यावरून इथे बसून हो-नाही सांगता येणार नाही, पण घरच्या घरी पारखता येतं. जाण्याच्या तीन आठवडे आधी वेताळ टेकडीवर डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता सोडून मातीच्या पायवाटेने, मध्ये बसून घेत, तीन तास चालून बघा. पाठीवर जेवढं ओझं असणार तेवढं घ्या. त्या दिवशी काय होतं यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं ते पाहा. जिना उतरताना गुडघा धरत असेल किंवा सुजला असेल तर कुंडापर्यंतचा पल्ला नको. नुसते पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू दुखत असतील तर काळजी नाही, दोन-तीनदा आणखी चाललं की सवय होते. गुडघ्यावर खरा भार उतरताना येतो. देवकुंडला मोठी उतरण नसली तरी शेवटच्या पट्ट्यात एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकताना गुडघा खूप वाकवावा लागतो. दोन काठ्या घ्या. महागड्या ट्रेकिंग पोलची गरज नाही, गावात बांबूची काठी मिळते. ती कमरेपेक्षा थोडी उंच हवी, म्हणजे उतरताना वाकावं लागत नाही.

आणि एक मार्ग कायम खुला ठेवा: सगळ्यांनी कुंडापर्यंत जायलाच हवं असं नाही. धरणाच्या कडेचा सपाट पट्टा आणि त्यानंतरची झाडी हीच मुळात सुंदर आहे. तेवढं चालून आई-वडील पहिल्या ओढ्याच्या अलीकडे सावलीत थांबले आणि बाकीचे पुढे गेले, तरी त्यांचा दिवस चांगला जातो. फक्त त्यांच्यासोबत घरातलं एक मोठं माणूस थांबलंच पाहिजे, कारण आत मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही.

बीपीची गोळी त्या दिवशीही नेहमीच्या वेळीच घ्यायची. मात्र काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि घामाबरोबर अंगातलं पाणी लवकर कमी होतं. आपली गोळी त्यातली आहे का, हे वडिलांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पुढे चालू नये. आडवं झोपवून पाय वर करायचे, जलसंजीवनी द्यायची आणि परत फिरायचं.

ओढा ओलांडण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नोव्हेंबरातही ते नीट जमायला हवं. गावकरी काही वेळा लाकडी किंवा बांबूचा साकव टाकतात. तो असला तर एका वेळी एकानेच जायचं, मध्ये फोटोसाठी थांबायचं नाही. साकव नसेल तर पाण्यातून. आधी काठावर उभं राहून दोन मिनिटं नुसतं बघा. पाणी नितळ आहे का गढूळ? पानं, काटक्या वाहत येतायत का? काठावरचा जो दगड मघाशी कोरडा होता तो ओला झालाय का? गढूळ पाणी आणि काटक्या म्हणजे वर पाऊस झालाय. मग ओलांडायचं नाही. खोलीचं माप गटातल्या सगळ्यात लहान माणसाच्या गुडघ्याने घ्यायचं, तुमच्या नाही. वाहत्या पाण्याने मुलीचा गुडघा बुडत असेल, तर त्या जागी ती ओलांडणार नाही.

जागा निवडताना माणसं हमखास चुकतात. अरुंद जागा सोपी वाटते, चार पावलांत पलीकडे. पण तेच पाणी अरुंद जागेतून जातं तेव्हा तिथे ते खोल आणि वेगवान असतं. ओढा जिथे पसरलेला, उथळ आणि खळखळता असेल तिथे ओलांडा, दहा पावलं जास्त पडली तरी चालतील. मग खालच्या बाजूला बघा. पाय सटकला तर माणूस कुठे जाईल? खाली पसरट वाळू-गोटे असतील तर ठीक. उडी, डोह किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा बाद. आडव्या झाडातून पाणी निघून जातं, माणूस अडकून राहतो.

पाण्यात शिरताना बूट घालूनच शिरा. बूट काढून अनवाणी जाणाऱ्यांचे तळवे शेवाळावर सटकतात आणि बोटं दगडांच्या फटीत अडकतात. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. तोंड प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे पाणी येतं तिकडे, आणि सरकायचं बाजूने. काठी पुढे वरच्या अंगाला टेकवायची. काठी आणि दोन पाय मिळून तीन आधार, त्यातला एका वेळी एकच हलवायचा. दगडांच्या माथ्यावरून उड्या मारत जाऊ नका. ओले, शेवाळलेले काळे कातळ साबणासारखे असतात. पाय दगडांच्या मधल्या वाळूवर, तळाशी टाका. मुलीला खांद्यावर घेऊ नका, तोल वर जातो आणि पडलात तर दोघंही पडता. तिला तुमच्या खालच्या अंगाला, अगदी चिकटून ठेवा. पाण्याचा रेटा तुमच्या पायांवर येतो आणि तिच्याकडे मंद होऊन पोचतो. तिचा हात बोटांनी नको, मनगटाला धरा. ओली बोटं सुटतात. आई-वडिलांना ओलांडताना तिघांनी एकमेकांच्या खांद्याला धरून, सगळ्यात वजनदार माणूस वरच्या बाजूला ठेवून जायचं. कमरेला दोर बांधून कुणी ओढ्यात उतरू नये. माणूस पडला की दोर ताणला जातो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

पडलंच कुणी आणि पाणी वेगवान असेल, तर लगेच उभं राहायची धडपड करू नये. पाय दगडात अडकला की मागून येणारं पाणी माणसाला पुढे लोटून बुडवतं. पाठीवर पडून, पाय पुढे आणि वर ठेवून, हातांनी काठाकडे सरकत जायचं. पाणी अगदी उथळ झालं की मगच उठायचं. हे मुलीला घरी गादीवर करून दाखवा, खेळ म्हणून. मुलं पटकन शिकतात.

आणि परतताना ओढा भरलेला दिसला तर? अलीकडेच थांबा. डोंगरी ओढा जसा चढतो तसाच उतरतो. पाऊस थांबल्यावर बहुतेक वेळा दोन-चार तासांत पाणी ओसरतं. उंच, कोरड्या जागी बसा, अंगावर कोरडे कपडे चढवा, खा. थांबल्यामुळे उशीर होतो, रात्र झाली तर थंडी वाजते, एवढंच. या एका प्रसंगासाठी प्रत्येकाकडे टॉर्च, एक जादा टी-शर्ट आणि वेळेला पुरेल असा सुका खाऊ हवा.

कुंडात उतरायचं का, तर नाही. फोटोत ते तरणतलावासारखं दिसतं, पण वरून पडणाऱ्या पाण्याने तळ खणला जातो आणि काठापासून दोन-चार पावलांवर खोली एकदम वाढते. धारेखालचं पाणी फेसाळतं. त्यात हवा मिसळलेली असते, म्हणून ते माणसाला नेहमीच्या पाण्याइतकं उचलून धरत नाही. चांगला पोहणारासुद्धा तिथे बुडतो. शिवाय पडणारं पाणी तळाशी जाऊन गोल फिरतं आणि माणसाला पुन्हा धारेकडे ओढतं. पाणी गार असल्याने पायात गोळे येतात. वरून दगडही पडतात, पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत जास्त, कारण पावसाने सैल झालेले दगड तेव्हा सुटतात. काठावरच्या उथळ भागात, दोरी किंवा खूण लावली असेल तर तिच्या अलीकडे, मुलीने पाय बुडवून बसावं, तेही मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर. जेवायला बसताना कड्याच्या पायथ्याला चिकटून नका बसू, मागे मोकळ्यात बसा.

त्याच कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असू शकतात. सिगारेट, चूल, स्पीकर, ड्रोन यातलं काहीही तिथे नको, आणि सकाळी अंगावर अत्तर किंवा बॉडी स्प्रे मारू नका. माश्या उठल्याच तर हात हलवायचे नाहीत. तोंड-डोकं ओढणीने झाकून दाट झाडीच्या दिशेने निघायचं. पाण्यात उडी मारायची नाही. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि श्वास घ्यायला डोकं काढलं की चावतात.

बुटांचं असं आहे की किमतीपेक्षा तळ बघावा. तळाला खोल, सुटे खाचे असलेला मऊ रबर हवा. नखाने दाबला तर किंचित दबला पाहिजे. रोजच्या धावण्याच्या बुटांचा तळ सपाट आणि झिजलेला असतो, तो ओल्या कातळावर हमखास सटकतो. मात्र कुठलाही बूट शेवाळावर पूर्ण पकड देत नाही, तेव्हा महागडे बूट घातले म्हणून निर्धास्त होऊ नका. नवे असतील तर आधी टेकडीवर तीन-चारदा घालून चाला. मुलीचे बूट अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे घ्या, नाहीतर उतरताना नख दुखतं. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायघोळ ट्रॅकपँट, खाजकुयली आणि डासांसाठी. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत बांधून न्या.

पाणी मोठ्यांना प्रत्येकी दोन लिटर, मुलीला दीड. यातलं निम्मं कुंडाशी पोचेपर्यंत संपलेलं असावं. न पिता परत आणलेलं पाणी काही उपयोगाचं नाही. दर अर्ध्या तासाला चार घोट घ्यायचे, तहान लागायची वाट बघायची नाही. खाण्यात पोळीभाजी, गूळ-शेंगदाणे, खजूर, लिंबू. तळलेले वडे आणि चिप्स यांनी तहान वाढते. प्लॅस्टिकचा एकही तुकडा तिथे सोडू नका. लिंबाच्या आणि संत्र्याच्या साली सुद्धा परत आणा.

गाइड घ्या. वाट सापडणार नाही म्हणून नव्हे, जरी पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात गुरांच्या वाटा फसवतात हे खरं आहे. गाइड घ्यायचा कारण भिऱ्याच्या माणसाला काल ओढ्यात किती पाणी होतं आणि आज किती आहे हे ठाऊक असतं. दर आणि गाडी लावायचे, प्रवेशाचे पैसे आधी विचारून घ्या. आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

धरणाच्या पाण्याजवळही जाऊ नका. मुळशीचं पाणी डोंगरातून खाली उतरवून भिऱ्यात वीज करतात, 1927 पासून. त्यामुळे तिथली पातळी पावसाशिवायही कमीजास्त होऊ शकते, आणि काठाचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो.

साप दिसतीलच असं नाही, पण दगडांत हात टाकण्याआधी बघायचं आणि बसण्याआधी काठीने आपटायचं. फुरसं दगडाखाली असतं, चापडा हिरव्या फांदीवर. चावलाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठी-कडं काढा, तो हात किंवा पाय लाकडाला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून आणा आणि रेंज मिळताच 108 ला फोन करून माणगावच्या सरकारी रुग्णालयाकडे न्या. अंगाला जळू चिकटली तर खसकन ओढू नका. नखाने तिच्या तोंडाकडून सरकवली की सुटते, मग जागा धुऊन दाबून धरा.

जुलैतल्या त्या रविवारचं काय करायचं, तर ज्या धबधब्याला ओढा ओलांडावा लागत नाही अशा ठिकाणी जा. साताऱ्याजवळ सज्जनगडाच्या पुढचं ठोसेघर तुमच्या मंडळींसाठी चांगलं. गाडीतळापासून थोडं चालून, पायऱ्या उतरून कठडा असलेल्या सज्जावरून समोरच्या दरीतला धबधबा दिसतो. चालणं कमी, पण मुलीला धबधब्याचा आवाज आणि तुषार दोन्ही मिळतात. धुक्याने तो पूर्ण झाकला जातो, म्हणून पोचल्या पोचल्या दिसला नाही तर निघून येऊ नका, अर्धा-पाऊण तास थांबा. कठड्यापलीकडे पाऊल नको, आणि पायऱ्यांवर आईंच्या हातात काठी असू द्या. संगमेश्वरजवळच्या मार्लेश्वरलाही जंगलातून बांधीव पायऱ्यांनी जाता येतं, पण पायऱ्या चारपाचशे आहेत, गुडघ्यांची परीक्षा टेकडीवर झाल्याशिवाय नको.

देवकुंडसाठी नोव्हेंबरची तारीख धरा आणि वेताळ टेकडीवर ऑक्टोबरमध्येच चालायला लागा. निघायच्या आदल्या दिवशी गाइडला फोन करून तीन गोष्टी विचारा: गेल्या चार दिवसांत माथ्यावर पाऊस झालाय का, साकव आहे का, आणि लहान मुलीच्या गुडघ्यापेक्षा पाणी खाली आहे का. तिन्ही उत्तरं पटली तर मुक्कामाला निघा. एकाही उत्तरात तो घुटमळला तर तारीख आठवडाभर पुढे ढकला.